मामाजींच्या दंडावरचं बटण

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, यांना साखरेचा आजार आहे हे त्यांना सोडून सगळ्यांना मान्य होतं. गोळ्या ते घेत, पण घरातल्या बायकांनी कटकट करू नये म्हणून. तिरोड्याच्या डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला तेव्हा मामाजींनी त्यांनाच विचारलं, "तुमी कोन्या गावचे?" डॉक्टर अकोल्याकडचे निघाले. "मंग बराबर हाय," मामाजी म्हणाले आणि घरी येऊन रोजच्याइतकाच भात जेवले. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाने धानाच्या मुलखातल्या माणसाला काय सांगावं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आमचं गाव तिरोड्याहून बोदलकशाच्या तलावाकडे जाताना लागतं. मी तिरोड्याला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. नवरा रायपूरला नोकरीला, त्यामुळे एरवी घरात मामाजी, मामीजी म्हणजे सासूबाई, आणि मी. नणंद नागपूरला डॉक्टर आहे. नवं संशोधन वाचायची तिला फार हौस, आणि वाचलेलं आधी माहेरी लागू करायची त्याहून जास्त. मागच्या हिवाळ्यात ती एक छोटी डबी घेऊन आली आणि मामाजींच्या दंडावर नाण्याएवढं पांढरं बटण चिकटवून मोकळी झाली.

"याच्या आत केसासारखी बारीक तार आहे, बाबा. ती रात्रंदिवस साखर मोजत राहील आणि मोबाइलवर आलेख दिसेल. दोन आठवडे ठेवायचं."

"दुखन का?"

"लावून झालं."

मामाजींनी दंड वळवून पाहिला. मग तिने ते वाक्य उच्चारलं, ज्याने पुढचं सगळं घडलं. "एकच पदार्थ खाल्ला तरी प्रत्येकाची साखर वेगळी चढते, असं आता संशोधनात दिसतंय. तुम्हाला काय सोसतं ते आपण बघू. तुम्ही नेहमीसारखंच खा."

मामाजी सावरून बसले. "म्हंजे मले भात चालत असन, असं होऊ शकते?"

नणंद खोटं बोलत नाही. "होऊ शकतं," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली.

मोबाइलवरचं सगळं इंग्रजीत होतं, म्हणून आलेख वाचायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर रेष सालेकशाच्या डोंगरासारखी उभी राहिली. वर्गात पोरांना सांगते तसं मी चढ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मामाजींनी शांतपणे ऐकलं. "तांदूळ नवा हाय ना," ते म्हणाले, "जुन्याले असं नाई होत." दुसऱ्या दिवशी जुना तांदूळ शिजला. डोंगर तोच. मग नणंदेने फोनवर सांगितलं की शिजवून गार केलेला भात जरा हळू पचतो, असंही संशोधन आहे. तिसऱ्या दिवशी आदल्या संध्याकाळचा भात आला.

"एरवी शिया भात वाढला त ताट सरकवत होते," मामीजी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आता मशीन म्हनते त गोड लागून राहिला."

रेष थोडी खाली राहिली. फार नाही, पण मामाजींना तेवढं पुरे होतं. मोबाइल घेऊन ते चौकापर्यंत जाऊन आले.

तिथे समोरच्या घरातल्या त्यांच्या दोस्ताने आलेख उलटासुलटा धरून पाहिला. दोघं लहानपणापासूनचे मित्र, आणि धानाच्या बाबतीत लहानपणापासूनचे वैरी. "तुया तांदूळच तसा हाय," दोस्त म्हणाला. "आमच्या घरचा खाऊन पाय." संध्याकाळी त्यांच्याकडून पातेलंभर भात आला. दुसऱ्या दिवशी कोणी मोहाचे लाडू आणले, कोणी उकडलेले शिंगाडे. आपल्या घरचं खाऊन साखर चढत नाही, हे ज्याला त्याला मशीनकडून ऐकायचं होतं. मामाजी प्रत्येक गोष्ट गंभीर चेहऱ्याने खात, "प्रयोग हाय," म्हणत, आणि ओट्यावर मोबाइलकडे बघत बसत. चार माणसं आजूबाजूला बसून वाट बघत. मामीजींना काही बोलायची सोयच उरली नव्हती. लेकीनेच 'नेहमीसारखं खा' म्हटलं होतं.

भांडण झालं ते बोंडांवरून. दोस्ताच्या बायकोने, म्हणजे समोरच्या काकूंनी, लाल भोपळा आणि गूळ घालून बोंडं तळून पाठवली. रेष अशी चढली की माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं. ते ओट्यावरून समोरच्या घरी पोचायला वेळ लागला नाही. काकूंनी आमच्याकडे बघणं बंद केलं.

मी मामाजींना समजावलं की दोष बोंडांवर टाकता येत नाही. त्याआधी तुम्ही बोदलकशाची मासोळी आणि भात जेवला होतात. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कारण कळतं. मामाजींना हे पटलं, जरा जास्तच पटलं.

"मंग उद्या निस्ते बोंडंच खातो."

मी निरोप घेऊन गेले. काकूंनी आढेवेढे घेत दुसऱ्यांदा बोंडं केली, यावेळी गुळाला हात आखडून. रेष आदल्या दिवसाइतकी चढली नाही. काकू पुन्हा बोलायला लागल्या. आपल्या सुनेला गणित येतं, असं मामाजी त्या दिवशी पहिल्यांदा लोकांना म्हणाले.

मग एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आलेखावर भलत्याच वेळी एक टेकडी होती. जेवण कधीचं होऊन गेलेलं.

"दुपारी का खाल्लं?" मामीजींनी विचारलं.

"काईच नाई."

"मशीन खोटं बोलते का मंग?"

मामाजींनी देवाची आण घेतली. शेवटी मी नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. तिने आलेख पाहिला. "त्या वेळी तुम्ही काय करत होतात, बाबा?"

मामाजी छताकडे बघू लागले. उत्तर मामीजींनी दिलं. "माह्यासंग भांडत होते. बांधावरच्या तुरीवरून."

भांडण मोठंच झालं असणार. मामाजी खरे चिडले की पोवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत, जातात, आणि त्या दुपारी ते समोरच्या घरापर्यंत पोवारीत ऐकू गेले होते.

"रागानंही साखर चढते," नणंद म्हणाली. "तेही संशोधनात आहे."

मामाजींचा चेहरा उजळला. "पायलं? मी म्हनत होतो ना. भातानं नाई चढत. इच्यानं चढते."

मामीजी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही. जेवायला वाढलं. मामाजींनी भात मागितला, त्यांनी वाढला. पुन्हा मागितला, पुन्हा वाढला. एरवी इथे "पुरे आता" यायचं. ते आलं नाही, तेव्हा मामाजी थोडे गोंधळले. त्यांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं, मला वाटतं नुसतं बघायला. मामीजींनी भात वाढला आणि वर तूप सोडलं. थोड्या वेळाने मोबाइल ठणाणा वाजायला लागला. साऱ्या दिवसांतली ती सगळ्यात उंच रेष होती.

"काई बोलत काऊन नाई?" मामाजी म्हणाले.

"बोलली त तुमची साखर वाढते."

मी पदर तोंडावर धरून मागच्या अंगणात गेले. मामाजी चपला घालून तरातरा बाहेर पडले आणि गावच्या तलावाच्या पाळीवरून मोठा फेरा मारून आले. परत आले तेव्हा मी त्यांना मोबाइल दाखवला. इतक्या लवकर ती रेष याआधी कधी उतरली नव्हती.

"कायनं उतरली?" त्यांनी विचारलं.

"चालण्यानं, मामाजी."

दुसऱ्या दिवशी ते जेवून चालायला निघाले तर मामीजीही निघाल्या. मामाजी वाटेत दोस्ताकडे बसून गोड चहा पितील, असा त्यांचा अंदाज होता. आदल्या दिवसाचं साठलेलं सगळं त्या पाळीवरून जाताना आणि येताना बोलल्या. रेष तरीही उतरली. मामीजींनी मोबाइल स्वतःच्या हातात घेऊन ती पाहिली. त्यांना वाचता काही आलं नसेल, पण उतार आहे हे कळलं.

बटण काढायला नणंद आली. तिने सगळे आलेख एकामागून एक पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"नेहमीसारखं खा म्हटलं होतं मी. यात नेहमीसारखा एकही दिवस नाही."

"आमच्याकडं असंच राहते," मामीजी म्हणाल्या.

तरी तिला हवं ते मिळालं होतं. गोळी बदलली. भात निम्मा, आधी वरण-भाजी आणि मग भात, जेवणानंतर चालणं. मामाजींनी मुकाट्याने मान डोलावली. हा सल्ला अकोल्याचा नव्हता, त्यांच्या स्वतःच्या दंडातून निघालेला होता. आता लग्नाच्या पंगतीत ते आधी भाजी संपवतात, भात वाढणाऱ्याला हाताने थांबवतात आणि शेजारच्या माणसाला संशोधन सांगू लागतात. त्यात एवढा वेळ जातो की पुढची पंगत उभी राहून त्यांची वाट बघत असते.