बिशान पार्कातल्या लांडग्यांचा वकील

काय सांगू तुम्हाला, माझ्याच तोंडानं माझा घात केला. तरीही माझं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. चहा घ्या, सांगतो.

दोन हजार सालची गोष्ट. आम्ही बिशानला राहायचो. पार्कात तीन भटकी कुत्री शिरली होती. सुनंदा, म्हणजे आमची ही, त्यांना लांडगेच म्हणायची. त्यांच्या भीतीनं तिचं सकाळचं फिरणं बंद पडलं आणि गुडघे परत कुरकुरायला लागले. म्हणून रहिवाशांच्या सभेत तिनं अर्ज दिला, कुत्री हलवा.

त्याच सभेत पहिला विषय टेलिफोनचा होता. इतकी वर्षं एकच कंपनी, आता दुसरीला येऊ द्यावं का? हा माझा विषय. तीन दिवस भाषण घोटलं होतं.

आता आपल्या मराठी मंडळातली सवय तुम्हाला ठाऊक आहे. दुसरा बोलत असताना आपण ऐकतो का? आपलं भाषण मनात घोकतो. मीही तेच करत होतो. अध्यक्ष मिस्टर लिमनी विषयांचा क्रम बदलला, हे मला कळणार कसं? "कोणाला बोलायचंय?" एवढंच कानावर आलं. मी उठलो.

"घाबरता कशाला? येऊ द्या की. आणखी चार येऊ द्या. लोकांना पर्याय हवा. आणि जुन्यांना जरा धाक बसला तर बरंच आहे, फार सुस्तावलेत."

पुढच्या रांगेतले म्हातारे वळून बघायला लागले.

"आणि कोणाला चावली तर?" मिस्टर लिमनी विचारलं.

तेव्हा कुठे प्रकाश पडला. विषय कुत्र्यांचा चालला होता, आणि मी सुनंदाचाच अर्ज पाडत होतो. माफी मागून खाली बसता आलं असतं. पण भर सभेत शब्द मागे घ्यायचा? मी?

"चावणार नाहीत," मी म्हणालो. "जबाबदारी माझी."

"व्हेरी गुड ला!" मिस्टर लिम म्हणाले; त्यांच्या इंग्रजीत शेवटी असा 'ला' लागतोच. टाळ्या पडल्या. कुत्री राहिली, आणि रोज सकाळी त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. टेलिफोनचा विषय वेळेअभावी राहूनच गेला.

घरी जाताना लिफ्टमध्ये सुनंदा शांतपणे म्हणाली, "अहो, उद्यापासून मी शेजारच्या मिसेस टॅनबरोबर पलीकडे आंग मो किओच्या पार्कात जाणार. पर्याय हवा, तुम्हीच म्हणालात ना?"

गेली की हो, मला एकट्याला टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर लिम पार्कात भेटले. मी त्यांना ठणकावून सांगितलं, माझ्या भाषणातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. फक्त ते बाकावर उभा राहून सांगितलं, कारण खाली ती तिघं माझं काही ऐकून घ्यायला तयार नव्हती.