थोडक्यात हरवणारी मशीन

फिरदोस चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायची, तेव्हा मालक पाहुण्यांना मुद्दाम तिच्या टेबलाशी घेऊन यायचे. कॉम्प्युटरवर ती मोर काढी, वेली काढी, आणि दोन दिवसांत तोच मोर खाली मागावर कापडातून पिसारा काढून उभा राही. लोक तोंडभर कौतुक करायचे. ती मात्र दर वेळी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "हे सगळं मास्तरांचं. मी फक्त माउस हलवते."

स्टुलावर कल्लप्पा मास्तर बसलेले असायचे. मास्तर जुन्या पद्धतीचे डिझाइनर. मोठ्या ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, एक चौकोन म्हणजे एक धागा, आणि त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडून नक्षी मागावर चढवायची, यात त्यांचा जन्म गेला होता. कॉम्प्युटर आल्यावर मालकांनी त्यांना काढलं नाही, नव्या पोरीला शिकवायला ठेवलं. ते तिला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे.

"नक्षी कितीबी मोठी असू दे, फिरदोस, कुटंतरी ती परत सुरू हुती. ती जागा डोळ्याला दिसली पायजे. ती दिसली की सगळी चादर तुझ्या मुठीत आली."

त्या जागेला कारखान्यात रिपीट म्हणत. मास्तर दुरून, चालत्या मागावरच्या कापडातसुद्धा रिपीट ओळखायचे.

मग कारखाना बंद पडला. मास्तर घरी बसले. फिरदोसने दोन-चार ठिकाणी विचारून पाहिलं, पण सगळीकडे माग विकायला काढलेले. घरी ती आणि तिची अम्मी जमीला, दोघीच. जमीलाला दम्याचा त्रास. थंडी पडली की बाई रात्ररात्र भिंतीला टेकून बसायची. अशा दिवसांत उदयसिंह तिच्याकडे आला.

उदयसिंहचं एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. बोलायला गोड माणूस. दिल्लीहून आणलेल्या त्याच्या मशिनी सारख्या बंद पडायच्या आणि इथं त्या कुणाला उघडता येत नव्हत्या.

"मला आपली सोलापूरची मशीन पाहिजे, मॅडम," तो म्हणाला. "पत्त्यांची. पोकर. समोर पाच पानं येणार, पाहिजे ती धरून ठेवायची, नको ती बदलायची, जोडी जमली की पॉइंट, पॉइंटचे काउंटरवर पैसे. डबा, काच, वायरिंग माझा माणूस करतो. आतली अक्कल तुम्ही करा."

जमीला आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिने एवढंच म्हटलं, "नक्को बेटा ये काम." पण औषधाची बाटली तिच्या हातात होती आणि ती जवळजवळ रिकामी होती.

प्रोग्राम लिहायला फिरदोस कारखान्याच्या कॉम्प्युटरवर शिकली होती, पण पत्ते तिने आयुष्यात हातात धरले नव्हते. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक ही नावं तिने मोबाइलवर बघून पाठ केली. आणि खरं सांगायचं तर काम तिला आवडलं. पिसणं म्हणजे काय, याचा तिने प्रथमच विचार केला. बावन्न पानं अशी मिसळायची की पुढचं पान तिला स्वतःलाही सांगता येऊ नये. जन्मभर रिपीट बसवायला शिकलेल्या पोरीला आता रिपीट न येऊ देण्याचं काम मिळालं होतं. राणीच्या पदराला तिने चादरीची वेल दिली. धरलेलं पान किंचित वर उचललं जाईल असं केलं, बटणाचा आवाज पत्त्यांच्या लाकडी डब्याच्या झाकणासारखा ठेवला. पहिली मशीन दुकानात लागली तेव्हा उदयसिंहने पेढे वाटले.

आणि पहिल्याच आठवड्यात चूक निघाली. सकाळी मशीन चालू केली की रोज तीच पानं त्याच क्रमाने यायची. पिसण्याची सुरुवात रोज एकाच जागेवरून होत होती. कुणीतरी ते ओळखलं होतं आणि सकाळी दुकान उघडताच येऊन चार डाव जिंकून जात होतं.

"म्हातारा हाय कोणतरी," उदयसिंहचा माणूस म्हणाला. "पांढरं धोतर, काळी टोपी."

फिरदोसने चूक दुरुस्त केली. माणूस बटण कोणत्या क्षणी दाबतो, त्यावरून पिसणं सुरू होईल असं केलं. पांढऱ्या धोतराचा तिने जास्त विचार केला नाही.

त्यानंतर उदयसिंहने तिला बोलावून चहा पाजला. म्हणाला, "मॅडम, तुमची मशीन लई सरळ हाय. माणूस हरतो आणि उठून जातो. असं नको. हरताना माणूस थोडक्यात हरला पाहिजे. एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा, चारी आली पाहिजेत, आणि एक्क्याच्या जागी नेमकी दुर्री. मग बघा तो उठतो का."

"पण मग पानं पिसलेली राहणार नाहीत. आपण मांडलेली होतील."

"काचेपलीकडून कुणाला दिसतंय?"

फिरदोसने उरलेला चहा संपवला. नाही म्हणायला तोंड उघडायचं होतं, ते उघडलं नाही. घरी येऊन तिने तसा प्रोग्राम लिहिला. आधी मशीन ठरवणार की हा हरणार, आणि मग त्याला जिंकण्याच्या अगदी दारापर्यंत नेऊन आणणार. अवघड होतं ते. जमलं तेव्हा तिला क्षणभर आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

पावसाळा संपता संपता मास्तरांची बायको मल्लव्वा तिच्या दारात आली. ठेंगणी, कपाळभर कुंकू लावणारी, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी बाई. ती उंबऱ्यावरच बसली.

"फिरदोस, तू मशीन केलीस म्हनं पत्त्याची. आमचं मानूस तितंच बसतंय की गं दिवसभर. जेवाय बोलवाय गेले तर मला वळखत न्हाई."

फिरदोस तशीच चपला घालून निघाली. दुकानात भर दुपारी अंधार केलेला. काचांच्या निळ्या उजेडात माणसांची तोंडं, आणि शेवटच्या मशीनपुढं कल्लप्पा मास्तर. ताठ बसलेले, जसे ग्राफपुढं बसायचे तसेच. तिला बघून त्यांना आनंद झाला.

"ये, ये! राणीचा पदर बघितला तवाच वळखलं, ही आपल्या पोरीची वेल." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पयल्या आठवड्यात मला रिपीट सापडला हुता. रोज सकाळी तीच पानं. मग तू बदललास. हुशार हायस. आता लांबचा बसवलायस. पन हाय. मला दिसाय लागलाय."

"मास्तर, आता नाहीच आहे. खरंच नाही."

"नक्षी हाय आन् रिपीट न्हाय? असं कुटं असतंय का?" ते हसले आणि त्यांनी बटण दाबलं. दश्शी, गुलाम, राणी, राजा, सगळी बदामची. पाचवं पान उलटलं. किलवरची दुर्री. "बघ! बघितलंस? एका पानानं! जवळ आलोय की."

फिरदोसला तिथं उभं राहवेना.

दिवाळीच्या आधी मल्लव्वाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी मास्तर तिला घेऊन जाणार होते. "रिक्षा घेऊन आलोच," म्हणून गेले ते आलेच नाहीत. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने आधीच अंधुक. बाई दवाखान्याच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिली. दुपार टळून गेल्यावर तिथल्या नर्सने पिशवीतल्या चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला. तो नंबर फिरदोसचा होता.

रिक्षात मल्लव्वा एकच वाक्य बोलली. "तूच लावलंस, तूच काढ."

दुसऱ्या दिवशी फिरदोसने एक केलं, आणि आयुष्यात केलेल्या सगळ्या चुकांत तिला ती सर्वांत मोठी वाटते. मास्तर एकदा मोठं जिंकले की त्यांचा हट्ट पुरेल, ते उठतील, असं तिच्या मनाने घेतलं. दुरुस्तीच्या निमित्ताने तिने मास्तरांच्या मशीनचं मागचं झाकण उघडलं, लॅपटॉप जोडला आणि पुढचा डाव लावून ठेवला.

"झालं मास्तर. खेळा आता."

दश्शी, गुलाम, राणी, राजा. आणि बदामचा एक्का. मशीन वाजायला लागली, दिवे पळायला लागले, आजूबाजूचे लोक उठून आले.

"आता बास, मास्तर. जिंकलात. चला घरी."

त्यांनी तिच्याकडे बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "घरी? अगं, सापडला की! दोन दुर्र्या लागोपाठ आल्यावर तिसरा डाव. मी म्हनत नव्हतो? आता तर बसलंच पायजे!"

ते परत स्टुलावर बसले. फिरदोस त्यांच्या पायाशी बसली, त्यांचा गुडघा धरून तिने सगळं सांगून टाकलं. की हा डाव तिनेच लावला. की दुर्री मुद्दाम येते. की आत काही शोधण्यासारखं नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मग अगदी हळू, विनवणी केल्यासारखं विचारलं, "म्हंजे देनारी तूच. मग परत कवा देनार, तेवडं सांग की."

त्या संध्याकाळी तिने उदयसिंहला मशिनी बंद करायला सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. "चिपा माझ्याकडं हायत, मॅडम. पुण्याचा एक पोरगा कॉपी करून देतो. तुमी दमला असाल, आराम करा."

मग ती पोलिसांत गेली. मशीन कशी फसवते ते तिने लिहून दिलं, आणि ती कुणी बनवली तेही. धाड पडली, मशिनी उचलल्या, दुकानाला कुलूप लागलं. तिचंही नाव गुन्ह्यात आलं. पेपरात दोन ओळी छापून आल्या, आणि ज्या एका टॉवेलच्या कारखान्यात तिची नोकरी ठरत आली होती तिथून "नंतर कळवतो" असा निरोप आला. जमीलाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ती काही म्हणाली असती तर फिरदोसला बरं वाटलं असतं.

एवढ्यानं तरी मास्तर सुटतील, असं तिला वाटत होतं. ते तिच्याशी बोलेनासे झाले. रस्त्यात दिसली की तोंड फिरवायचे. आणि एक दिवस मल्लव्वाचा फोन आला. "दुधनीला लागल्यात म्हनं तसल्याच मशिनी. सकाळच्या गाडीनं गेलंय मानूस."

दोघी पुढच्या रेल्वेगाडीने दुधनी या बाजारगावी गेल्या. बाजाराच्या मागे पत्र्याच्या खोलीत तेच निळे उजेड होते, तीच राणी, पदराला तीच वेल. मल्लव्वा सरळ जाऊन काचेपुढं उभी राहिली. मास्तर शांतपणे म्हणाले, "सर की गं. सर बाजूला." ती सरली नाही. तेव्हा ते मान वाकडी करून तिच्या बाजूने पानं बघायला लागले. मल्लव्वाने पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर गेली.

फिरदोसने त्यांचा दंड धरला. "मास्तर, तुम्ही मला ग्राफ वाचायला शिकवलंत. एकदा माझा वाचा. मग मी जाते. परत येणार नाही."

हे मात्र त्यांनी ऐकलं. बाहेर धान्याच्या पोत्यांना टेकून ते बसले. तिने सोबत आणलेला लॅपटॉप उघडला आणि एकेक ओळ मराठीत सांगायला सुरुवात केली. मास्तर खरोखर लक्ष देत होते. मधेच थांबवायचे. "हे परत सांग." "हितून कुटं जातं?" किती तरी महिन्यांनी ते तिचे मास्तर झाले होते. फिरदोसच्या मनात वेडी आशा यायला लागली.

एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "हितं ठरतंय? पानं वाटायच्या आधी?"

"हो."

"मग राजा-रानी दावत्यात ते?"

"ते नंतर. हरल्यावर. तुम्हाला बसवून ठेवायला."

मास्तरांनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "म्हंजे मी एका पानानं हरत न्हवतो."

"नाही, मास्तर."

"कवाच जवळ गेलो न्हवतो?"

फिरदोसने नकारार्थी मान हलवली.

"काम चोख केलंयस," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, तो असता तर तिला सोसला असता. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि पत्र्याच्या खोलीकडं चालायला लागले.

"मास्तर! कळलं ना तुम्हाला?"

"कळलं की." ते थांबले, पण वळले नाहीत. "आता दिवसभर घरात बसून काय बघू, सांग? भिंतीकडं? बसतो जरा. कळलंय मला. तू जा."

स्टेशनवर मल्लव्वा बाकावर बसली होती. बऱ्या झालेल्या डोळ्यावर हाताची सावली धरून ती रस्त्याकडं बघत होती. फिरदोस एकटीच येताना तिला लांबून दिसली, तशी तिने बाकावरची पिशवी उचलली. गाडी आली. लोक चढले, पोती चढली. फिरदोस डब्याच्या पायरीशी रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली, गार्डने शिट्टी वाजवली तरी.

"चढ," मल्लव्वा आतून म्हणाली आणि तिने फिरदोसचा हात धरून तिला वर ओढलं. "तुझी अम्मा वाट बघत आसंल."