समजलं का?

ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मुलांचे तास बुडू नयेत म्हणून मी अक्कलकुव्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्राचे व्हिडिओ ग्रुपवर टाकायचो. शेवटी विचारायचो, "समजलं का?" खाली नुसते अंगठे यायचे. माझं डोकं फिरायचं.

मग कळलं, तोरणमाळची एक विद्यार्थिनी माझा प्रत्येक धडा पावरी या त्यांच्या घरच्या बोलीत बोलून मुलांना पाठवते. मी तिला ऐकवायला सांगितलं. मला एकही वाक्य कळेना. शेवटी तिनं माझ्याच सुरात काहीतरी विचारलं होतं. त्यावर मुलांचे आवाज आले होते, एकापाठोपाठ एक.

"काय म्हणतायत?"

ती खाली बघत म्हणाली, "नाही समजलं म्हणतायत, सर."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे उत्तर मला कुणीच दिलं नव्हतं.