घाटाखाली ठेवलेली प्रत

धडगावात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. डोंगरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघण्याआधी घरचे कागद माझ्याकडे स्कॅन करून ठेवतात. घर बंद राहतं. वाळवीचं काम चालूच असतं.

माझ्या यादीत दर सोमवारी एक ओळ असते: बॅकअप, जीप. फाइली हार्ड डिस्कवर घ्यायच्या, डिस्क फडक्यात गुंडाळून नंदुरबारच्या जीपवाल्याकडे द्यायची. तो ती माझ्या बहिणीला पोचवतो, शनिवारी परत आणतो. दुकानाला आग लागली तरी कागद घाटाखाली सुखरूप. जीप धुक्यात विरघळली की वाटायचं, अख्खे पाडे झोपेतच प्रवासाला निघालेत. मग मी ओळीपुढे खूण करायचे.

होळीला मजूर परतले, त्याच आठवड्यात माझा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. मंगळवारी एक बाई दारात आली. तिच्या वनपट्ट्याची दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. सासऱ्याचा अंगठा असलेला जुना जबाब वाळवीने खाल्ला होता आणि जमीन कसत असल्याचा तिच्याकडे तेवढाच पुरावा होता.

"माझा कागद दे, बाई. तुझ्या डब्यात ठेवलाय."

"डबा मेला. पण बहिणीकडे आहे."

फोन लावला. बहिणीने डिस्क जोडली.

"नावं दिखतस, पन उघडत काहीच नही."

माझ्या लक्षात आलं. दिवाळीनंतर सोयीसाठी मी फोल्डरचे शॉर्टकट पडद्यावर ठेवले होते आणि दर सोमवारी तेच डिस्कवर घेत होते. पाट्या नंदुरबारला जात होत्या, घरं इथेच राहत होती. इतके महिने मी रिकामी जीप धुक्यात जाताना पाहत होते.

"याद्या भलत्या करस तू, उघाडीसन देखस नही!" बहीण म्हणाली. मग आठवून, "दिवाईमा भरेल जुनी डिस्क मन्हा कपाटमा शे."

दिवाळीला नवी डिस्क घेतल्यावर ती भरलेली जुनी तिच्याकडेच राहिली होती, आणि बाईचा कागद मी दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी स्कॅन केला होता. आम्ही दोघी बाकावर बसलो. मोहाच्या फुलांचा वास दुकानात तरंगत होता.

फोन वाजला. फाइल आली होती. फोनवरूनच प्रिंट काढली.

अक्षरं तिला वाचता येत नव्हती. सासऱ्याच्या ठशावर तिने आपला अंगठा टेकवला.

"गरम आहे," ती म्हणाली.

मी आणखी दोन प्रती काढल्या आणि या वेळी तिच्यासमोर एकेक पान उलटून पाहिलं.