शॉर्टभाऊंचा हॉर्न

शॉर्टभाऊ गाडीला हात लावण्याआधी तिचा वास घ्यायचे. सीट काढायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि बॅटरीपाशी नाक नेऊन डोळे मिटायचे. नवखं गिऱ्हाईक हसायचं. पण वायर कुठं जळली ते त्यांना वासावरून बहुतेक वेळा बरोबर कळायचं. बहुतेक वेळा म्हणतो, कारण चुकले तर ते कबूल थोडंच करायचे! "आता वास बदलला," म्हणायचे.

त्यांचं खरं नाव पोंभुर्ण्यात फार कुणी घेत नसे. इंजिन खोलणारे मिस्त्री गल्लोगल्ली होते, पण मोटरसायकलचं वायरिंग, आणि त्यातही शॉर्ट शोधणं, हे काम त्यांचंच. घरासमोरच्या अंगणात, कडुनिंबाखाली टिनाचं शेड, तेच दुकान. मी पशुधन खात्यातला, जंगलातल्या गावांत गुरांना लसी टोचत फिरणारा. डॉक्टर नाही. पण ते मला "जयभीम डाक्टर" म्हणायचे आणि ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मीही कधी दुरुस्त केलं नाही.

त्यांची पद्धत साधी होती. बॅटरीची एक वायर सोडायची आणि मध्ये एक छोटा बल्ब जोडायचा. चावी बंद असताना बल्ब लागला, की कुठंतरी वायर उघडी पडून गाडीच्या लोखंडाला टेकतेय. "बल्ब लागला म्हंजे चोर घरात हाय," असं म्हणून ते उकिडवे बसायचे, ते बसायचेच. एकेक वायर चाचपायची, हलवायची, बल्बाकडे पाहायचं. वहिनी जेवायला हाक मारून थकायच्या. "शॉर्ट अर्धा सोडून उठाचं नाई. आपण उठलो का तो जागा बदलते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वहिनी म्हणायच्या, "मंग त्यालेच वाढते जेवाले."

आमच्याकडे गाडी बंद पडणं म्हणजे नुसता खोळंबा नाही. पोंभुर्ण्याहून आतल्या गावांकडे जाणारा रस्ता बांबूच्या जंगलातून जातो आणि तिथला वाघ माणसांना घाबरेनासा झाला होता. मोहफुलं वेचताना गेलेली बाई, शेतात गवत कापताना गेलेला माणूस, अशा बातम्या दर हंगामात कानावर यायच्या. सगळे खाली वाकलेले असताना गेलेले. म्हणून शॉर्टभाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडी देताना बजावायचे, "जंगलात बंद पडली तर तिच्यापाशी बसू नोका. उभे राहा, जोरानं बोला, मोबाइलवर गाने लावा, चालत निघा. वाकलेला मानूस वाघाले मानूस दिसत नाई." हे सांगताना ते स्वतः रस्त्याकडे पाठ करून उकिडवे बसलेले असायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुमी तर जनमभर वाकूनच बसले." ते म्हणाले, "इथी आला तर त्याले बल्ब धराले लावतो."

वाघाचा हॉर्न ही त्यांचीच कल्पना. ट्रकला शोभावा असा दणदणीत हॉर्न, थेट बॅटरीवरून जोडलेला, चावी नसतानाही वाजणारा. त्यात फ्यूज ते मुद्दाम घालायचे नाहीत. "फ्यूज नेमका त्याच वक्ती उडाला तर वाघापुढं काय टाळ्या वाजवान?" हे म्हणणं आम्हा सगळ्यांना पटलं. वनखात्याचे बीटगार्ड, शिक्षक, दूधवाले, मी, जंगलातून जाणाऱ्या प्रत्येकानं तो बसवून घेतला. स्वतःच्या गाडीवर तर त्यांनी सगळ्यात मोठा बसवला होता. बाहेरून येताना गल्लीच्या वळणावर ते तो दाबायचे आणि आत वहिनी चहा ठेवायच्या.

मग माझी गाडी नखरे करायला लागली. जंगलातून परत येताना नाल्यापाशी रस्ता डावीकडे जोरात वळतो. एका सांजेला त्या वळणावर लाइट पिवळा पडला, विझला आणि इंजिन मेलं. मी हॉर्न दाबला. तो नुसता कण्हला. झाडावरची माकडं खेकसायला लागली, वाघ दिसला की ती ज्या आवाजात खेकसतात तो इथल्या पोरासोरांनाही ओळखू येतो. मी हँडल सरळ करून गाडी ढकलत पळालो, तेवढ्यात लाइट आपोआप लागला, गाडी सुरू झाली. मी मागं वळून पाहिलं नाही.

दुकानात मात्र ही बया गरीब गाय. भाऊंनी वास घेतला, बल्ब जोडला, सगळ्या वायरी हलवल्या. बल्ब लागेना. सकाळची दुपार झाली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊ, ही इथी चांगलीच चालते. मरते ते तिकडं, नाल्यापाशी. तिथी चला आणि तिथीच बसा वास घेत." ते रागावले नाहीत. काहीतरी विचार करून म्हणाले, "डाक्टर, गाडीवर बसा. नाल्यापाशी जसे वळता तसे वळा." मी बसलो आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. बल्ब लख्ख लागला.

त्यांनी टाकी उतरवली. हँडलच्या मानेपाशी एका लाल वायरीचं कातडं घासून गेलं होतं आणि आतली तार चमकत होती. डावीकडे वळलं, की ती लोखंडाला टेकायची आणि सगळी बॅटरी तिथंच मरायची. फ्यूज असता तर तेवढाच उडाला असता, गाडी चालू राहिली असती. वाघाच्या हॉर्नची वायर होती ती. भाऊंनी ती बोटांत धरली. वास घेतला नाही. एवढंच म्हणाले, "हा माहाच हात हाय."

त्या दिवसापासून त्यांचं हसणं गेलं. ज्याला ज्याला तो हॉर्न लावून दिला होता त्याला ते फोन करायला लागले, बाजारच्या दिवशी रस्त्यात आडवे उभे राहून गाड्या थांबवायला लागले. वायर दुसरीकडून न्यायची आणि फ्यूज घालायचा. लोक वैतागायचे, "भाऊ, चालू हाय ना गाडी, काऊन खोलून राह्यले?" ते एकच विचारायचे, "डाव्या वळनावर कधी बंद पडली होती का?" कुणी "हो, एकदा पडली होती," म्हटलं, की त्यांचा चेहरा बघवत नसे. मी त्यांच्या स्वतःच्या गाडीचं विचारलं. "माही वायर मले माहीत हाय. सगळ्याईच्या होऊ द्या, मंग पाहीन." मी रागावलो, वहिनींनी तर अबोला धरला. फरक शून्य.

शेवटी नाल्यापलीकडच्या गावातला एक म्हातारा तेवढा राहिला. तिथं फोन लागत नव्हता. दुपारी भाऊ स्वतःच त्याच्याकडे गेले, त्याची गाडी दुरुस्त केली, त्याच्या अंगणात पाणी प्याले आणि उजेड असतानाच निघाले. घरी आले नाहीत.

सकाळी शोधायला गेलेल्यांना गाडी नाल्याच्या वळणावर दिसली. स्टँडवर उभी, सीट काढून गवतावर ठेवलेली, टाकीचे बोल्ट ढिले. भाऊ तिथून थोडे आत, बांबूत सापडले. त्याबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही.

पंचनामा झाल्यावर वनखात्यानं गाडी अंगणात आणून ठेवली. काही दिवसांनी वहिनींचा निरोप आला, "डाक्टर भाऊ, तेवढी गाडी बंद करून द्या. अशी उघडी पाहवत नाई." मी गेलो. उकिडवं बसायची माझी हिंमत होत नव्हती, अजूनही होत नाही. शेडमधलं स्टूल ओढून घेतलं.

बॅटरीपाशी त्यांचा बल्ब तसाच जोडलेला होता, विझलेला. मी हँडल डावीकडे वळवलं. लागला नाही. पुन्हा वळवलं. मग टाकी उचलून मानेपाशी पाहिलं. लाल वायरीवर काळी टेप घट्ट, नीट गुंडाळलेली होती आणि वायरीत नवा फ्यूज बसवलेला होता. उठायच्या आधी त्यांनी काम पुरं केलं होतं. बॅटरीची वायर लावायची आणि टाकी-सीट बसवायची, एवढंच राहिलं होतं. म्हणजे आणखी जरासा वेळ. मला त्यांचा भयंकर राग आला. उभं राहून बोलत, गाणी लावून चालत निघायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं ना?

मी बल्ब काढून खिशात टाकला, बॅटरी जोडली, टाकी आणि सीट बसवली. आणि काम झालं की ते जसा वाजवून बघायचे तसा, काही न सुचून, हॉर्न दाबला. कडुनिंबावरचे कावळे उडाले.

घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग गॅसचा लायटर वाजला आणि पातेलं शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला.