ब्रीडाचं छत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर मुळीच नाही. तुम्हालाच का सांगतोय? कुणास ठाऊक. ऐकून घ्या, बस.

आम्ही कॉर्कच्या खाडीकाठी एका मोठ्या जुन्या घरात राहतो. कोण्या इंग्रज जमीनदाराने बांधलेलं, आता त्याचे आठ फ्लॅट केलेत. मी रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. घर बाहेरून बघाल तर राजेशाही थाट — दगडी खांब, उंच खिडक्या. आत मात्र जागा सापडेल तिथे भिंती घातल्यात. आमची बाथरूम म्हणजे मूळच्या झोपायच्या खोलीचा एक कोपरा. जमीन लाकडी, वर लिनोलियमचं पातळ आच्छादन, आणि पाणी जायला जाळीच नाही. टबात उभं राहून शॉवर घ्यायचा, बाहेर पाणी येऊ द्यायचं नाही.

आमच्या बरोबर खाली जमीनदाराचं जेवणाचं दालन होतं. तिथे ब्रीडा राहायची — सत्तरीची, एकटी. तिच्या छतावर चुन्यात घडवलेली द्राक्षांची वेल होती, घराइतकीच जुनी. पाहुण्याला ती आधी मान वर करायला लावायची, चहा नंतर.

आता मुद्द्याचं — नाही, थांबा, आधी आईचं सांगतो.

काही वर्षांपूर्वी आई दिवाळीला नागपूरहून आली. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं की इथे खाली पाणी सांडायचं नाही. गुडघे धरलेले असूनही बिचारी काठाला धरून टबात उतरायची, बाहेर आल्यावर वाकून जमीन पुसायची. आणि मी? मी वर्षभर दर रविवारी कडी लावून, खाली पाट मांडून, बादली-तांब्याने आंघोळ करत होतो. शॉवरने माझं अंग भिजतं, आंघोळ होत नाही. नंतर कोरडं करायचो. सगळं पाणी पुसलं जातं, असं मी धरून चाललो होतो. म्हणे इंजिनिअर.

नरकचतुर्दशीला तेल-उटणं लावून मी चांगल्या दोन बादल्या ओतल्या. दुपारी खालून धाडकन आवाज आला. वेलीचा निम्मा भाग ब्रीडाच्या सोफ्यावर कोसळला होता. ती चहा करायला आत गेली होती म्हणून वाचली.

संध्याकाळी घराची देखभाल करणारा माणूस तिला घेऊन वर आला. पाणी कुठून गेलं, एवढंच त्याने विचारलं. घर सोडावं लागेल याची भीती होती का मला? पुढे मी स्वतःला तेच सांगत आलो. पण खरं सांगू — तेव्हा फक्त लाज वाटली. मी, पाटावर उघडा बसलेला... मी इंग्रजीत म्हणालो, माझ्या आईकडून झालं. तिला तिकडची सवय आहे.

आई शेजारीच चकल्यांची ताटली घेऊन उभी होती. सगळे आपल्याकडे बघताहेत, एवढं तिला कळलं. ते गेल्यावर तिने विचारलं, "माझ्यानं पाणी सांडलं का रे?"

आणि मी हो म्हणालो.

ती खाली जाऊन ब्रीडासमोर हात जोडून उभी राहिली. ब्रीडाने तिला जवळ घेतलं, "इट्स ग्रँड, लव्ह," म्हणाली, म्हणजे असू दे गं, काही बिघडलं नाही. मी मधे उभा राहून भाषांतर केलं — तेही केलं मी. उरलेले दोन महिने आईने आंघोळ केली नाही, ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायची. ब्रीडा त्याच वर्षी गॉलवेला बहिणीकडे कायमची गेली. तिथलं छत आता सपाट, पांढरं आहे.

आईला हल्ली विसर पडतो. नातीचं नाव आठवत नाही, बाबा गेले हेही मधूनच विसरते. ही गोष्ट मात्र पक्की बसली आहे. येईल त्याला सांगते, मी परदेशात एका बाईचं छत पाडलं. पाणी कसं ओतलं, तेही सांगते. न केलेली आंघोळ तिला आठवते. हे कुणी केलं तिला? मीच ना?

गेल्या आठवड्यात फोनवर तिने मला ओळखलं नाही. मलाच सगळं सांगत बसली. शेवटी म्हणाली, "पण माझा मुलगा एका शब्दानं बोलला नाही हो मला. फार गुणाचा आहे."

मी म्हणालो, "हो का."