पेन्सिलनं मांडलेला नेपच्यून

दिवाळीनंतरचा पहिला रविवार होता. हजर आम्ही चौघे : गुरुजी, मी, माझी बायको आणि जिच्या पत्रिकेसाठी गेलो होतो ती आमची मुलगी स्नेहल. कोंढ्याला गुरुजींच्या घराच्या छपरीत बसून पत्रिका मांडून झाली तेव्हा मी एकशे एक रुपये त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी नव्वद ठेवून घेतले आणि अकरा माझ्या हातात परत दिले.

"दहा रुपये ग्रह," ते म्हणाले. "नवाचे नव्वद झाले. हर्षल, नेपच्यून अन् प्लूटो, या तिघांचे मी घेत नाही."

दक्षिणा परत घेणं बायकोला बरं वाटेना. ती म्हणाली, राहू द्या गुरुजी, शुभ कामाचे आहेत. गुरुजींनी ऐकलं नाही. मला मात्र तो हिशेब पटला. मी राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. कशाचे घेतले आणि कशाचे घेतले नाहीत हे स्वतःहून सांगणारा माणूस मला क्वचित भेटतो.

त्यांच्या पत्रिकेची आणखी एक खूण होती. रवीपासून केतूपर्यंतचे नऊ ग्रह ते निळ्या शाईनं लिहीत आणि बाहेरचे तीन पेन्सिलनं. अक्षर तितकंच सुबक, पण फिकं. जिल्ह्यातल्या जुन्या जोश्यांपैकी बहुतेक जण या तिघांना पत्रिकेत घेतच नाहीत, आणि जे नव्यानं घेतात ते सगळं एकाच पेनानं लिहितात. पेन्सिलचा प्रकार फक्त गुरुजींचा. कारण विचारलं तर सांगत, "नवांची ओळख माझ्या बापानं करून दिली, त्याले त्याच्या बापानं. हे तिघं मी आणले. मी आणलेल्याची जमानत कोण घेणार?"

त्यांनी ते आणले नागपूरहून. तिथं चित्रकला शिक्षकाचा कोर्स करताना खोलीवर साताऱ्याकडचा एक मुलगा जोडीदार होता. तो रोज रात्री पोरांच्या पत्रिका पाही आणि त्यात हर्षल-नेपच्यून मांडी. गुरुजींनी ते त्याच्याकडून शिकून घेतलं आणि नोकरीबरोबर गावी आणलं. कोंढ्याच्या शाळेत ते आमचे ड्रॉइंगचे सर होते, पण सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणे, आणि पाठीमागे नेपचूनवाले गुरुजी. त्यांना ते माहीत होतं. माझं चित्र कधी धड आलं नाही. मी माठ काढला की ते वही लांब धरून बघत आणि म्हणत, "बाबू, पाणी गळून राहिलं याच्यातून." पण मार्क पुरेसे देत.

नेपच्यूनवर त्यांचा जीव होता, आणि तरीही त्याच्याबद्दल ते जपून बोलत. एका राशीत तो सुमारे चौदा वर्षं बसतो. शनी अडीच वर्षं राहतो तर लोक त्याच्या नावानं रडतात, ते म्हणत, अन् हा चौदा वर्षं राहतो तरी कोणाच्या ध्यानात येत नाही; पाहुणा नव्हे, घरजावई आहे. पूर्ण एक फेरा मारायला त्याला एकशे पासष्ट वर्षं लागतात. एकदा पवनीचे कोणी ज्योतिषी त्यांच्याकडे बसले होते आणि नेपच्यूनचा मला पक्का अनुभव आहे असं छातीठोक सांगत होते. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे त्यांचं वय विचारलं.

दहावीत नापास झालेल्या एका मुलाला घेऊन त्याचा बाप आल्याचं मला आठवतं. पोराच्या पत्रिकेत नेपच्यून वाईट आहे असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, आणि शांतीचा खर्च तो विचारत होता. गुरुजी त्याला म्हणाले की तुझ्या पोराचा जिथं आहे तिथंच त्याच्या पूर्ण वर्गाचा नेपच्यून आहे, तरी बाकीची पोरं पास झालीच ना. मग पोराला जवळ बोलावून कोणता विषय गेला ते विचारलं. गणित होतं. त्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. ऑक्टोबरात पोरगा सुटला. गुरुजींकडे भीती घेऊन आलेला माणूस ती घेऊन परत गेल्याचं मी तरी पाहिलं नाही, आणि खोटी आशा घेऊन गेल्याचंही नाही. या दोन्ही गोष्टी एका माणसाला जमणं कठीण असतं.

पण नेपच्यूनचा अर्थ काय, हे मी त्यांना एकदा सरळच विचारलं होतं. त्यांचं शेत तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून होतं. ते म्हणाले, "थंडीत सकाळी पाळीवर जाऊन पाहा. पाण्यावर धुकं असते. पांढरं काही दिसते, तो बगळा आहे का दगड, कळत नाही. धुक्यापायी बगळा खोटा होत नाही, अन् दगडही खोटा होत नाही. पाहणाऱ्याचं काय होते, तेवढंच हा ग्रह सांगते." मग म्हणाले की धुक्यात तलाव फार सुंदर दिसतो, हेही लिहून ठेव.

स्नेहलच्या लग्नात हाच ग्रह आडवा आला.

स्थळ सिहोऱ्याचं होतं. धानाची शेती, आणि मुलाचं स्वतःचं खताचं दुकान. मुलगा-मुलगी दोनदा भेटली, फोनवर बोलू लागली, आणि एरवी स्वतःबद्दल अवाक्षर न काढणारी स्नेहल आईला म्हणाली की मला हाच पसंत आहे. आम्ही पत्रिकेची झेरॉक्स पाठवली. आठ दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज पडलेला. त्यांच्या आईनं, म्हणजे मुलाच्या आजीनं, पत्रिका गावच्या महाराजांना दाखवली होती. महाराजांनी सांगितलं, सप्तमात नेपच्यून आहे, लग्नात फसवणूक होते. घरात आजीचा शब्द शेवटचा होता.

ही चूक कशी झाली ते मला झेरॉक्सची दुसरी प्रत पाहिल्यावर कळलं. नीट उमटावी म्हणून दुकानदारानं ती गडद काढून दिली होती. शाईचा चंद्र आणि पेन्सिलचा नेपच्यून एकाच तोलाचे काळे दिसत होते. गुरुजींनी इतक्या जपून ठेवलेला फरक त्या यंत्रानं पुसून टाकला होता.

दोन दिवस स्नेहल नीट जेवली नाही. कुणाशी भांडली नाही, फक्त फोन उलटा करून ठेवू लागली. मी आपल्या सवयीनं हिशेब मांडला. तिची लग्नरास कर्क, सप्तमात मकर. नेपच्यून मकरेत होता त्या चौदा वर्षांत जन्मलेल्या पोरांपैकी साधारण बारावा हिस्सा कर्क लग्नाचा असणार. त्या सगळ्यांच्याच सप्तमात तो बसला असणार. मग त्या सगळ्यांचीच लग्नं फसायला पाहिजेत. कागद घेऊन मी कोंढ्याला गेलो, बायकोही बरोबर आली.

गुरुजींनी कागद पाहिला आणि हिशेब बरोबर आहे म्हणाले. "पण सिहोऱ्याले हा बारावा हिस्सा घेऊन जाऊ नको. त्याहिले एकच सून आणायची आहे."

बायकोनं मग मनातलं सांगितलं. पेन्सिलचंच तर आहे, खोडून टाका, आणि नवग्रहांची नवी प्रत करून द्या. इतर जोशी घेतच नाहीत हा ग्रह, त्यात खोटं काय? बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.  गुरुजींनी तिला शास्त्र सांगितलं नाही.

"बाई, मी मांडला नसता तर गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले. "आता पोरीचं अडलं म्हणून काढला, तर उद्या शाईवाल्यालेही काढीन. मी येतो सिहोऱ्याले. माझ्यासोबत अस्सल प्रत घ्या."

वय पंचाहत्तरीच्या पुढचं. तीन गाड्या बदलून आम्ही गेलो. तिकीट त्यांनी आपलं आपण काढलं.

सिहोऱ्याच्या घरात आजी खुर्चीवर बसल्या होत्या आणि बाकीचे सगळे उभे. आजी ठेंगण्या, काळ्यासावळ्या, तोंडात सुपारी. मुलगा दाराशी टेकून होता. गुरुजींनी अस्सल पत्रिका उघडून त्यांच्यापुढे धरली आणि शाई कोणती, पेन्सिल कोणती ते दाखवलं. आजींनी ती खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिली.

"म्हंजे याची तुमचीच खात्री नाही?" त्या म्हणाल्या.

"नाही," गुरुजी म्हणाले.

 इतक्या लांब येऊन गुरुजींनी स्वतःच्याच पायाखालची फळी काढून दिली असं मला वाटलं. आजींनी डोळे बारीक केले. खात्री नव्हती तं लिवलं काहून, असं त्यांनी विचारलं. गुरुजी म्हणाले की मला तिथं काहीतरी दिसतं. दिसतं ते लिहिलं, आणि खात्री नाही हेही लिहिलं.

"आमचे महाराज म्हणतेत, फसवणूक होते."

"होते कधी कधी. सप्तमात हा ग्रह असलेलं माणूस आपल्या जोडीदाराले आहे त्याच्याहून चांगलं पाहते. त्याचे गुण दुप्पट दिसतेत, अन् खोड्या दिसतच नाहीत. आता यात पोरगी फसते असं म्हणा, नाही तर तुमच्या नातवाचं नशीब म्हणा."

कुणीतरी हसलं. आजी हसल्या नाहीत. हे तुम्हाले कसं मालूम, त्यांनी विचारलं, पुस्तकातून का?

गुरुजी पत्रिकेची घडी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्या बायकोच्या सप्तमात होता. बेचाळीस वर्षं ते मले मोठा विद्वान समजत राहिली. मी कोंढ्याचा ड्रॉइंग मास्तर."

 आजींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"आता कुठी आहे ते?"

"गेली. तीन वर्षं झाली."

"आखरीपर्यंत समजली?"

"आखरीपर्यंत," गुरुजी म्हणाले.

आजी दाराकडे वळल्या आणि नातवाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात बैल पाहावा तसं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "याले तं अशीच पायजे. पुरं दिसनारी आली तं पोळ्यापर्यंत टिकाची नाही." मुलगा लाजून आत गेला. चहा आला. परत निघताना आजींनी गुरुजींना एका ताटात धोतर आणि पैसे ठेवून दिले. गुरुजींनी ताटाला हात लावून नमस्कार केला, ते तिथंच राहू दिलं आणि चहा पोचला म्हणाले.

लग्न वैशाखात झालं. गुरुजी आले, मांडवात एका बाजूला बसले, जेवले, पोरांनी मागितलं म्हणून कागदी पंख्यावर गणपती काढून दिला आणि ऊन उतरल्यावर गेले. त्यानंतर मी कोंढ्याला चार-पाचदा तरी गेलो असेन. स्नेहल कशी आहे हे ते दर वेळी विचारत. जावई कसा निघाला हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी एकदा स्वतःहून सांगू लागलो तर त्यांनी थांबवलं. आपलं भाकीत खरं झालं का हे पाहायला ज्योतिष्यानं कोणाच्या घरात डोकावू नये, म्हणाले, त्यानं माणसाची नियत बिघडते.

पुढच्या पावसाळ्यात ते आजारी पडले आणि धानाची रोवणी आटोपता आटोपता गेले. छातीत कफ झाला होता. शेवटच्या भेटीत त्यांना फार बोलवत नव्हतं. मी पाय चेपत बसलो. पाळीवरून बेडकांचा आवाज येत होता. ते एवढंच म्हणाले की यंदा तलाव चांगला भरला.

तेरवीला मी सकाळीच गेलो होतो. पंगत बसायच्या आधी दारात एक गाडी थांबली. स्नेहल आणि जावई उतरले, आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी धरून आजींना उतरवलं. मी त्यांना कळवलं नव्हतं. स्नेहलनं सांगितलं असणार. आजी कुणाशी न बोलता थेट स्वयंपाकघरात गेल्या. जावई त्यांच्या मागून पिशवी घेऊन गेला. मी ती उतरवून घ्यायला पुढे झालो म्हणून पुढचं मी ऐकलं.

गुरुजींच्या सुनेनं विचारलं, हे काय आणलं?

"तुह्या सासऱ्याचं हाय," आजी म्हणाल्या. "तवा त्याइनं आमच्या घरचा चहाच घेतला."

जावई बाहेर गेला, स्नेहल अंगणातच होती; मग पाटावर टेकून त्या सांगू लागल्या. नातू सकाळी दहाशिवाय दुकान उघडत नाही. त्याची बायको सगळ्यांना सांगते, रात्री उशिरापर्यंत हिशेब करतेत ते, झोप होत नाही त्यांची. आणि हा रात्री मोबाईल पाहत बसतो. आजींना पलीकडच्या खोलीतून उजेड दिसतो.

"मग तुम्ही तिला सांगितलं नाही?" मी विचारलं.

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की सिहोऱ्याचा तो दिवस मला पुन्हा आठवला.

"मी काहून सांगू? चांगलं चालून राह्यलं हाय तिचं."

गुरुजींच्या सुनेनं पिशवीचं तोंड सोडलं आणि घरभर वास सुटला. घरच्या शेतातला चिन्नोर तांदूळ होता, पाच पायली. तिनं तो दोन डब्यांत भरला, झाकणं लावली आणि फडताळात ठेवला.